सतरा नंबर वॉर्डातलं एक मत

सतरा नंबरचा वॉर्ड शहराच्या नकाशावर पंचवीस वर्षं होता. तेवढ्या काळात तिथे नगरसेवकपदाच्या पाच निवडणुका झाल्या आणि पाचही वेळा मतदान झालं ते नगरपालिकेच्या शाळेत. तिथली शिपाई म्हणजे घंटेवाली. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. निवडणूक आली की बाकं हलवा, पेटीसाठी न डुगडुगणारं टेबल शोधा, साहेबांना पाणी द्या, सगळं तिच्याच गळ्यात.

पहिल्या दोन निवडणुका लाकडाच्या वखारवाल्याने हसतखेळत जिंकल्या. पहिल्या वेळी तर त्याच्यासमोर त्याचाच मेहुणा उभा होता, तोही नावापुरता. तिसऱ्या वेळी मात्र सिस्टर उभ्या राहिल्या. वॉर्डातल्या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं नर्स म्हणून काढून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. दवाखाना मोठ्या रस्त्यापलीकडे हलवायचा घाट वखारवाल्याने घातला होता. सिस्टर घरोघरी जाऊन एवढंच विचारायच्या, "म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तो रस्ता ओलांडायचा कसा?"

घंटेवालीचा नवरा दम्याचा. आठवड्यातून दोनदा त्याला दवाखान्यात न्यावं लागे. तिचं मत कुणाला, हे वेगळं सांगायला नको.

मतदानाच्या दिवशी तिला सकाळपासून उसंत नव्हती. मत द्यायची खोली चार पावलांवर, म्हणून ती मनाशी म्हणत राहिली, मग देते. पाच वाजता साहेबांनी फाटक लावायला सांगितलं. आत रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या वाटायच्या होत्या. ज्याच्या हातात चिठ्ठी, त्यालाच मत देता येणार. शेवटच्या माणसापासून सुरुवात करून तिने त्या एकेकाच्या हातात दिल्या. सगळ्या वाटून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. ती साहेबांकडे गेली.

"साहेब, माझं राहिलंच."

"पण बाई, तुम्ही रांगेत कुठे होतात?" साहेब म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं, पण नियम तो नियम.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. दोघांनाही अकराशे त्रेचाळीस. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. अशा वेळी चिठ्ठी टाकायची पद्धत असते. चिठ्ठी कुणी उचलायची यावर बराच खल झाला आणि शेवटी दोघांनाही एकच नाव पटलं. शाळेची बाई, ना यांच्यातली ना त्यांच्यातली.

घंटेवालीने स्टीलच्या डब्यात हात घातला. साहेबांनी चिठ्ठी उलगडून वखारवाल्याचं नाव वाचलं आणि बाहेर एकच गलका झाला. सिस्टर तिच्याजवळ आल्या. "सकाळपासून उभी आहेस. पाणी पी आधी," एवढंच म्हणाल्या.

दीड वर्षात दवाखाना पलीकडे गेला. तिसऱ्या वर्षी थंडीत, भर दुपारी, घंटेवालीचा नवरा औषध आणायला एकटाच निघाला. मोठ्या रस्त्याच्या मधल्या कठड्यावर दम घ्यायला बसला, तो उठलाच नाही.

आपलं मत राहिल्याचं तिने कुणाला सांगितलं नाही. ना सासूला, ना लेकीला. चौथी निवडणूक वखारवाल्याने जिंकली, पाचवी त्याच्या सुनेने. सिस्टर पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या की घंटेवाली दुसऱ्या गल्लीत वळायची.

मग एक दिवस शाळेच्या फाटकावर चिकटवायला नोटीस आली. हद्दी नव्याने आखल्या होत्या. सतरा नंबर रद्द, त्याचे तीन तुकडे तीन वॉर्डांत. तिने नोटीस चिकटवली, हात धुतले आणि थेट सिस्टरांचं घर गाठलं. उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं.

सिस्टरांनी ऐकून घेतलं. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "माझा भाचा दिवसभर यादी घेऊन बसला होता. कोण येऊन गेलं त्याच्यापुढे खूण करत होता. तुझ्यापुढे खूण नव्हती."

"पंधरा वर्षं माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"तीनशे एकवीस जणांपुढे नव्हती. त्यात माझी सख्खी बहीण होती. पाहुणे आले म्हणून राहिली. तू निदान दुसऱ्यांच्या मतांसाठी राबत होतीस. आत ये, बस."

ती बसली. मग विचारलं, "दवाखाना इथेच असता तर हे जगले असते?"

"त्याची छाती मी कितीदा ऐकली होती. फार तर वर्षभर, बाई. जास्त नाही."

हे खरं होतं की सिस्टर तिची समजूत घालत होत्या, ते घंटेवालीला कळलं नाही. पण वर्षभर म्हणजे काही थोडं नव्हे, असं तिच्या मनात आलं आणि ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्यासमोर रडली. सिस्टरांनी तिला रडू दिलं.

जरा वेळाने त्यांनी विचारलं, "मी आता कुठल्या वॉर्डात गं? नोटिशीतलं बारीक मला दिसत नाही."

"तुम्ही नऊमध्ये. मी चौदामध्ये."

"म्हणजे तुझ्या मताचा माझ्यापुरता निकालच लागला म्हणायचा."

घंटेवालीला रडता रडता हसू आलं. सिस्टरांच्या डोळ्यांत दिवसातून दोनदा औषध घालावं लागे आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती तिकडेच गेली, आणि मग रोज जात राहिली.