काजळलेला कागद आणि खिरपाड्याचे पत्रे

नाशिक रोडच्या चाळीत सावळीराम पगारेला नावानं हाक मारणारी एकटी त्याची आई. बाकी सगळे 'काजळ्या' म्हणत. तो चिडायचा, म्हणूनच म्हणत. सरकारी कचेरीच्या भूकंप विभागात तो खलाशी, म्हणजे यंत्रांजवळचा मदतनीस, होता. रॉकेलच्या ज्योतीवर गुळगुळीत कागद फिरवून काळाभोर करायचा आणि यंत्राच्या ड्रमवर चढवायचा. सुई त्यावर पांढरी रेघ ओढत राहायची. जमीन हलली की रेघ थरथरायची. रोजचा कागद स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेतून काढून दोरीवर वाळत घातला, की काजळी पक्की. रॉकेल, स्पिरिट आणि लाख यांचा तो वास त्याच्या सदऱ्यातून कधी गेला नाही.

"तुमचा खरा रंग मी लग्नात पाहिला तेवढाच," बायको यशोदाबाई म्हणायची.

"कामाचा रंग आहे हा, चोरीचा नाही!" तो उसळायचा.

ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात नाशिकच्या पश्चिमेला डोंगरात मोठा हादरा बसला. साहेबांनी लगेच चार पाड्यांवर यंत्रं लावली. मोठा हादरा एकदाच येतो, पण मागून येणारे बारीक धक्के जमिनीखालची भेग कुठून कुठे गेलीय ते दाखवतात. धक्क्याची आधी हलकी लाट येते, मग जड. दोघींमधल्या वेळेवरून धक्का किती लांब झाला ते कळतं. चारही यंत्रांचे कागद जुळवले की नकाशावर एक ठिपका पडतो. ठिपके साठत गेले की डोंगराच्या पोटातली भेग कागदावर उभी राहते.

त्यातलं खिरपाड्याच्या गोठ्यात बसवलेलं यंत्र साहेबांनी एकट्या सावळीरामवर सोपवलं. पहिल्यांदाच! "कागद खराब आला, तर यंत्र हलवीन आणि तुला परत कचेरीत चहा आणायला लावीन," असंही म्हणाले.

दोन दिवस कागद फुलासारखा आला. तिसऱ्या दिवशी रेघेवर जाडजूड फराटे. सावळीराम हरखला. मग नीट पाहतो तर हलकी लाट नाहीच, एकदम धाडकन जड. त्याचं डोकं फिरलं. गोठ्यामागे गेला, तर अख्खा पाडा रांगेत उभा राहून उड्या मारतोय! पुढे नवसाबाई, साठीची, पदर खोचून.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" तो ओरडला. "माझ्या कागदाची माती केली!"

"वरडू नको, मशीनवाल्या," नवसाबाई धापा टाकत म्हणाली. "रेघा लय आल्या की सरकार पत्रे देतं, आसं आमी ऐकलं. आमच्या भिंती पडल्या, पोरं उघड्यावर झोपत्यात. तुझ्या सुईला मुंगी चाललेली कळते, आन आमी नाय दिसत?"

सावळीरामच्या तोंडात शिव्या तयार होत्या, त्या तिथेच थांबल्या. चळवळीत वाढलेला माणूस. असा सवाल त्यानं स्वतः किती कचेऱ्यांत विचारला होता! सवाल ऐकून घ्यायची मात्र ही पहिलीच वेळ.

"मावशी, उड्या चुकीच्या जागी मारताय," तो म्हणाला. "उद्या माझ्याबरोबर चला. पण तोवर इथं पाय वाजवायचा नाही."

सकाळी नवा कागद चढवून, नोकरीची पर्वा न करता, तो पाड्याला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेला. माडीची जमीन लाकडी. नवसाबाईनं इशारा केला आणि सगळ्यांनी एकदम उडी मारली. कारकून टेबलाखाली. मोठे अधिकारी चप्पल न घालता बाहेर.

"भूकंप?"

"खिरपाडा आलाय," सावळीराम म्हणाला. "भिंती बघायला कधी येताय?"

पंचनामा झाला. पाड्यानंही सावळीरामचं ऐकलं. साळ कांडायला बाया ओढ्यापलीकडे जाऊ लागल्या, पोरं गोठ्याजवळ चवड्यावर चालू लागली. बिघडलेला कागद सावळीरामनं लपवला नाही. 'ही माणसं, धक्के नव्हेत' असं लिहून साहेबांना दिला. साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "आणखी एकच संधी."

मग पत्र्यांचा ट्रक आला, तो नेमका धक्के पुन्हा वाढले तेव्हा. अवकाळी पावसानं आकाश भरून आलं होतं. नवसाबाई गोठ्याच्या दाराशी उभी राहिली.

"ठोकायचे का, भाऊ? का तुझं मशीन जाईस्तोवर थांबू? पोरं भिजतील, भिजू दे. तू आमच्यासाठी नोकरी पणाला लावलीस."

सावळीराम सुईकडे बघत राहिला. कागद कसा स्वच्छ होता! एका दुपारी कितीतरी ठिपके हुकणार होते आणि साहेब काय म्हणणार ते त्याला पाठ होतं. त्यानं घड्याळ पाहून कागदाच्या कडेला वेळ टाकली, सुई अलगद उचलली आणि ड्रम थांबवला.

"हातोडा कुठाय?" तो म्हणाला. "आधी तुमचंच छप्पर घेऊ, मावशी. शिडी धरा."