रुसलेल्यांना आणणारी

मुलाखतीत शेठनी विचारलं, "तुमचा विशेष गुण काय?" मी ठेवणीतलं उत्तर दिलं. मेहनती आहे, संगणक येतो, कुठलंही काम शिकायची तयारी आहे. यातलं मेहनतीचं तेवढं खरं होतं. संगणक कुठून चालू करायचा आणि कुठून बंद करायचा, एवढंच मला येत होतं. तरी परभणीच्या त्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरी लागली आणि आईनं आमच्या गावी, बोरीत, शेजारीपाजारी पेढे वाटले.

काम होतं सुट्या भागांची नोंद संगणकात चढवायचं. प्रत्येक भागाला लांबलचक नंबर. माझ्या हातून आकडे असे काही मागेपुढे व्हायचे, की मेकॅनिकनं फिल्टर मागवावा आणि खोक्यातून निघावा पंखा. "मॅडम, पंख्यानं डिझेल गाळू का?" तो विचारायचा. सगळे हसायचे. मीही हसायचे आणि खोकं पुन्हा बांधायला घ्यायचे. शेवटी शेठनी बोलावून सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत बघू. न्हाई जमलं तर तुमी दुसरीकडं बघा."

दुसरीकडं म्हणजे घरी. वडील फोनवर अधूनमधून म्हणायचेच, "ये आता, स्थळं यायलेत." मला जायचं नव्हतं. परभणीतली ती छोटी खोली, सकाळी स्वतःच्या पायांनी कामावर जाणं, डब्यात आपल्याला आवडेल ती भाजी, हे सगळं मला इतकं आवडायला लागलं होतं की ते सुटेल या विचारानं जेवण जात नव्हतं.

आता मला लहानपणापासून काय येतं ते सांगते. आमच्याकडं कुणी रुसल्याशिवाय लग्न लागत नाही. कुणाला टोपी-टॉवेल उशिरा मिळतो, कुणाचं नाव पत्रिकेत खाली गेलेलं असतं, कुणाला हळदीचं बोलावणं नुसतं फोनवर आलेलं असतं. पाहुणा तरातरा उठतो आणि गावाबाहेर आपल्या जीपपाशी जाऊन बसतो. मोठी माणसं हातापाया पडायला जातात, तसा तो आणखी फुगतो. मग आमच्या घरात कुणीतरी म्हणायचं, "तिला धाडा." मी जायचे आणि थोड्या वेळानं पाहुणा पंगतीला बसलेला असायचा. यात जादू काही नाही. रुसलेल्या माणसाला परत यायचंच असतं, फक्त मान खाली घालून यायचं नसतं. त्याला समजावत बसायचं नाही. त्याच्यावाचून अडेल असं काहीतरी त्याच्या हाती द्यायचं. पण हा गुण आहे आणि तो मुलाखतीत सांगायचा असतो, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्याच महिन्यात पाडवा आला. पाडव्याला ट्रॅक्टर न्यायला झुंबड असते. सेलूकडच्या एका गावातले दोन चुलतभाऊ एकाच वेळी आले, दोघांचे दोन ट्रॅक्टर, सोबत गावातली बरीच माणसं. त्यातल्या काहींनी पुढच्या हंगामात आमच्याकडूनच घ्यायचं कबूल केलं होतं. आमच्या सेल्समननं ज्याचं बुकिंग आधी त्याला हार आधी, असा सरळ न्याय लावला. म्हणजे धाकट्याला हार, धाकट्याला किल्ली, धाकट्याचा फोटो. थोरला बाजूला उभा.

थोरल्यानं खांद्यावरची दस्ती झटकली आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. "आमाला न्हाई पाहिजे गाडी," एवढा निरोप त्याच्या मुलानं आणला.

सेल्समन धावत गेला आणि म्हणाला, वर छत फुकट बसवून देतो. "मी काय मागायला आलतो का तुमच्या दारात?" थोरला गरजला. मग शेठ गेले, हात जोडून आले. गावची माणसं एकमेकांकडं बघत चपला घालायला लागली.

मी उठले. कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर 'तुमचं काम बघा' असंच उत्तर आलं असतं.

टपरीवर त्यांच्या बाकावर बसले आणि दोन चहा सांगितले. गाव विचारलं. माझं आजोळ त्यांच्या शिवेला लागून निघालं. माझ्या मामाला ते ओळखत होते, मामाच्या बैलाला जरा जास्तच. ट्रॅक्टरचा मी शब्दही काढला नाही. चहा संपत आला तेव्हा मी म्हणाले, "काका, एक विचारू? तिकडं चाकाखाली लिंबं ठेवलेत, पण नारळ घेऊन समदे नुसते उभे हायत. दोन्ही गाड्या एका भावकीतल्या. थोरल्याच्या हातानं फोडायचा का ज्याचा त्यानं?"

"ज्याचा त्यानं, असं कोन म्हनलं?"

"सेल्समन म्हनायलाय."

"त्याला काय कळतंय," म्हणत ते उठले. "आमच्यात तसं न्हाई करत."

दोन्ही नारळ त्यांनी फोडले. धाकटा वाकून पाया पडला. दोन्ही ट्रॅक्टर एकामागोमाग वाजतगाजत गेले, अर्थात थोरल्याचा पुढं.

संध्याकाळी शेठ खुशीत होते. "महिनाअखेरचं सोडा आता. तुमची जागा पक्की. नंबराचं जमंल हळूहळू."

हो म्हणून गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "न्हाई जमनार शेठ. कधीच. नंबर दुसऱ्या कुणाला द्या, मला चिडलेली माणसं द्या."

त्यांनी हातातली बुकिंगची वही मिटली.

"रोज येतेत की भांडायला," ते म्हणाले. "कटाळून जाल."

"न्हाई कटाळनार."

मेकॅनिकइतका आनंद कुणालाच झाला नाही. माझं टेबल दाराजवळ आलं, त्यावर संगणक नव्हता.

पुढं एकदा वडील न सांगता आले, एका स्थळाचं बोलायलाच. तेव्हा माझ्यासमोर एक जण क्लचवरून टेबल बडवत होता आणि मी त्याचं गाव विचारत होते. वडील भिंतीशी खुर्ची घेऊन बराच वेळ बघत बसले. "याचा पगार देतेत?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी मान डोलावली.

समोरचा माणूस श्वास घ्यायला थांबला होता. वडील त्याच्याकडं वळले आणि म्हणाले, "बोला की, बिनधास्त बोला. लेक हाय माझी. समदं ऐकून घेती."

स्थळाचं न बोलताच ते दुपारच्या गाडीनं गेले.