नानाच्या जिममधली धडधड

ठाण्यात कोपरीला नानाची जिम आहे. आरसे दोनच, पण किस्से इतके साठलेत की कुणी सांगायला बसला तर अंग थंड पडतं आणि वॉर्म-अप पुन्हा करावा लागतो. मी आठवीत शाळा सोडलेली, त्यामुळे सांगण्यात पुढचं मागे झालं तर सांभाळून घ्या.

*

माझा मोठा भाऊ मंगेश नानाकडे जायचा. फेब्रुवारीत घोडबंदर रोडला ट्रकने त्याची बाईक उडवली. सकाळी डबा घेऊन निघालेला. डबा भरलेलाच परत आला.

काही दिवसांनी मी जिममधून त्याचे बूट आणायला गेलेलो. बूट बघितले आणि डोकं फिरलं. तिथेच पायात घातले, दादा मारायचा तेवढ्या वजनाच्या लोखंडी प्लेटा बारला चढवल्या आणि बेंचवर आडवा झालो. त्याआधी मी आयुष्यात डंबेलसुद्धा उचललेलं नव्हतं.

बार खाली आला तो छातीवरच बसला. मी ओरडलो नाही, रडायलाच लागलो. एका बाजूने नाना धावला, दुसऱ्या बाजूने तिथे रोज येणारे जोशीकाका. दोघांनी मिळून बार ओढून काढला.

नाना म्हणाला, "रडायचं आसंल तर रोज ये, रड. पन आदी प्लेटा जागेवर ठेव."

मी रोज जायला लागलो.

*

तेव्हा मला धडधडीचा त्रास होता. ॲम्ब्युलन्सचा सायरन ऐकला की हात गार पडायचे आणि छाती आता फुटते असं वाटायचं. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. म्हणाले, हार्ट ठणठणीत, टेन्शन आहे.

एकदा खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट मारले आणि अगदी तीच धडधड. मी खाली बसलो. "नाना, अटॅक आला."

नानाने माझा हात धरून आधी स्वतःच्या छातीवर ठेवला. धडधड. मग जोशीकाकांच्या छातीवर. तिथे तर वरातीचा बँड.

"तीन अटॅक झाले," नाना म्हणाला. "पानी पी. अजून एक सेट हाय."

नंतर एकदा खोपटला एसटी डेपोसमोर सायरन वाजला आणि छाती सुरू झाली. मी कडेला उभा राहिलो आणि छातीला सांगितलं, "तिसरा सेट झालाय, थांब, उतरेल." उतरली. अजूनही येते. पण आता ओळखीची आहे, घरात घुसून सामान फेकत नाही.

*

जोशीकाका बँकेतून रिटायर झालेले. घरातून निघताना गॅस बंद केलाय का ते बघायला जिन्यातून परत जाणारे. जिममध्ये बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावूनच वजन मारायचे. प्रत्येक सेटनंतर आकडा बघायचे आणि मग ठरवायचे, आपल्याला बरं वाटतंय की नाही.

एक दिवस चिमटा बोटावरून सुटला आणि नेमकी नानाच्या हातातली प्लेट त्याच्यावर पडली. पार चुरा. काकांनी चुऱ्याकडे बघितलं, मग निमूटपणे पुढचा सेट मारला.

मी विचारलं, "काका, कसं वाटतंय?"

"कळायला मार्ग नाही," काका म्हणाले. "बराच असेन."

*

आईचं अवघड होतं. दादा गेल्यापासून ती घराबाहेर पडलीच नव्हती, दूध आणायलासुद्धा नाही. दिवसभर खिडकीपाशी. ही अशीच बसून राहिली तर हीपण जाईल, याची मला त्या बारपेक्षा जास्त भीती वाटायची.

आणि मी बाहेर पडलो की तिचा फोन सुरू. इतका की दोन सेटमधली रेस्ट मोजायला जिममध्ये सगळ्यांनी घड्याळ बघणंच सोडलं. आईची रिंग वाजली की जोशीकाका म्हणायचे, "चला, रेस्ट संपली."

एकदा माझे हात अडकलेले, म्हणून नानाने फोन स्पीकरवर घेतला. "वैनी, जिवंत हाय तो. नुसतं तोंड मेल्यासारखं केलंय."

मला वाटलं, नानाने घोळ केला. मग आई म्हणाली, "ते लहानपणापासूनच तसं आहे."

*

दसऱ्याला नानाकडे लोखंडाची पूजा असते. प्लेटांना हळदकुंकू, बारला झेंडूच्या माळा. त्या दिवशी कुणी काही उचलायचं नाही, लोखंडाला सुट्टी. सगळ्यांच्या घरची माणसं येतात. मी आईला म्हटलं, "दादा ज्याला रोज हात लावायचा, त्याला तू एकदा कुंकू लाव." आली. सगळा रस्ता माझा दंड धरून.

पूजा झाली आणि तिला जमिनीवर झेंडूच्या पाकळ्या दिसल्या. तिने कोपऱ्यातला झाडू घेतला. मध्ये प्लेटा लावलेला बार आडवा. "हे कुणी वाटेत टाकलंय," म्हणत तिने तो माळेसकट उचलला, भिंतीशी ठेवला आणि केर काढायला लागली. लग्नाआधी मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिलेली बाई.

जोशीकाका हळूच म्हणाले, "चाळीस किलो होते."

नानाने कपाळाला हात लावला. "वैनी, आज सुट्टी हाय लोखंडाला."

"मग सुट्टीच्या दिवशी एवढा कचरा कशाला केलात?" आई म्हणाली.

*

दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी मी काम करतो त्या गॅरेजमधून जेवायला घरी आलो तर दाराला कुलूप. फोन लावला, उचलेना. परत लावला. शेजारच्या काकूंना काहीच माहीत नव्हतं. छाती अशी सुरू झाली की कुठला सेट आणि कुठलं काय. मी तसाच पळत सुटलो. नाक्यावर बघितलं, देवळात बघितलं, स्टेशनच्या जिन्यापर्यंत जाऊन आलो.

परत येताना नानाच्या जिमचं शटर अर्धं वर दिसलं. वाकून आत शिरलो.

आई. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हातांत बार. बाजूला नाना मोजत होता.

मी म्हटलं, "आई, फोन का नाही उचलत? मी सगळं ठाणं पालथं घातलं."

तिने बार हळूच खाली ठेवला. तोंड लालबुंद. छातीवर हात ठेवून दम खात राहिली आणि माझ्याकडे बघून हसली.

"बघत काय उभा राहिलास? त्या बाजूला अजून एक प्लेट चढव."