चार नंबरची खुर्ची

सभागृहात सगळे तिला साउंडवाली वहिनी म्हणत. खरा साउंडवाला तिचा नवरा. तो गेला आणि त्याच्या जुन्या मिक्सरसकट ही पदवी तिच्या गळ्यात पडली. हॉलच्या मागच्या टोकाला काचेची खोली, तिथे कानांवर हेडफोन चढवून ती बसायची.

नवऱ्याची एक रीत होती. कार्यक्रमाआधी तो स्टेजवरच्या प्रत्येक खुर्चीत स्वतः बसायचा आणि माईकमधून विचारायचा, "ऐकू येतंय का गं?" मग ती लाल बटण दाबून काचेआडून सांगायची, "येतंय. उठा आता." त्याशिवाय तो उठत नसे. एकदा ती मुद्दाम चहा संपेपर्यंत गप्प राहिली, तर हा पठ्ठ्या तसाच बसून! "हुकूमच नाही आला," म्हणाला.

शेवटच्या दिवशी तो चार नंबरच्या माईकपुढे बसला. "ऐकू येतंय का..." म्हणाला आणि त्याची मान छातीवर टेकली. उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून हॉल चिडीचूप झाला की चार नंबरवर तिला श्वास ऐकू यायचा. मग घसा खाकरल्याचा आवाज. मग तोच प्रश्न. ती ओठ घट्ट मिटून बसायची. उत्तर दिलं की तो उठणार, आणि उठला की जाणार.

आज नामवंत कादंबरीकारांची चर्चा होती. मॅनेजर दारात डोकावला.

"वहिनी, चौथ्या खुर्चीत कुणी बसणार नाही. ज्यांना बोलावलं होतं ते लेखक त्यांच्या देशात तुरुंगात आहेत. मानाची खुर्ची आहे. माईक नुसता दिसायला, बंदच ठेवा."

"बरं."

"आणि हे मिक्सरचं धूड उद्या भंगारात. माईकसुद्धा सगळे नवे येताहेत."

"भंगारात?"

"मग काय, संग्रहालयात ठेवू? कार्यक्रम संपला की पोरं वायरी काढायला येतील."

तिनं मिक्सरवर तळहात ठेवला. हुकमाशिवाय न उठणारा माणूस. यंत्राबरोबर तोही जाईल मोडक्या पंख्यांच्या ढिगात, आणि तिथे बसून विचारत राहील. कुणाला विचारणार तिथे?

तिनं चार नंबर हॉलसाठी बंद केला. स्वतःच्या कानात मात्र चालू ठेवला.

चर्चा रंगली. दाढीवाले कादंबरीकार म्हणाले, "तिकडे शहरं जळताहेत आणि मी इकडे दोन पात्रांचं भांडण कसं मिटवायचं म्हणून डोकं खाजवत बसतो. लाज वाटते हो."

"वाटू द्या, पण लिहा," चौथ्या खुर्चीशेजारच्या लेखिकाबाई म्हणाल्या. "युद्धात किती मेले ते बातम्या सांगतात. मेलेल्याची चप्पल दारात तशीच राहते आणि घरातलं कुणी ती ओलांडत नाही, हे कोण सांगणार?"

"हे मी चोरणार!"

"खुशाल चोरा. तुमच्या पुस्तकात कुणाच्या नजरेस पडायचं नाही."

हॉल खदखदून हसला. वहिनी हसली नाही. काचेच्या खोलीच्या दाराशी नवऱ्याची चप्पल अजून तशीच होती.

शेवटी बाई म्हणाल्या, "आमच्या तुरुंगातल्या मित्रासाठी जरा वेळ गप्प बसू या." त्यांनी डोळे मिटले. हॉल चिडीचूप झाला.

हेडफोनमध्ये श्वास आला. घसा खाकरला गेला.

"ऐकू येतंय का गं?"

तिचं बोट लाल बटणावर गेलं आणि थबकलं. आत्ता बोललं तर अख्ख्या हॉलला ऐकू जाणार, मॅनेजर सोलून काढणार. आणि हा जाणार, कायमचा. नंतर बोलावं? पोरं तर पकडी घेऊन दाराशी उभीच होती.

"ऐकू येतंय का?" आवाज थकलेला वाटला.

तिनं बटण दाबलं.

"येतंय," ती म्हणाली. भरल्या हॉलवर तिचा फाटका आवाज घुमला. "उठा आता."

माना गर्रकन मागे वळल्या. मॅनेजर धावत खोलीत शिरला. "अहो वहिनी, डोकं फिरलंय का? कुणाला उठवताय?"

तिच्या कानात खुर्ची करकरली. मग चार नंबरवर काहीच नाही. श्वाससुद्धा नाही.

तिकडे स्टेजवर लेखिकाबाईंचे डोळे अजून मिटलेलेच होते. चौथ्या खुर्चीतून उठलेल्याला वाट द्यावी तसे त्यांनी पाय बाजूला घेतले.