टायरवरून फिरलेला हात

जॉर्ज टाउनच्या एका ब्रेकवाल्याने मला फसवले. रबर जळल्याचा वास आला की तो दिवस आठवतो. माझी जुनी व्हॅन लवकर थांबेना, म्हणून भांडभांडून भाव पाडला आणि त्याच्याकडून भारी डिस्क आणि पॅड बसवून घेतले. खरेच फरक पडतो का, हे मला बघायचे होते. एन्नोरच्या मोकळ्या रस्त्यावर जुन्या ब्रेकने व्हॅन थांबली होती तिथे मी खडूची रेघ मारून ठेवली होती. त्याच वेगात, त्याच जागी दाबल्यावर नव्या ब्रेकनेही चाके जागीच आवळली आणि व्हॅन घसरत पुन्हा त्याच रेघेपर्यंत गेली. सोबतचा मेकॅनिक हसला, "अण्णा, ब्रेकने चाक थांबतं, पण रस्ता धरतो तो टायर. तुमच्या टायरला तर टक्कल पडलंय!" आता मी आधी टायर बघतो. पण डिस्क बसवताना ब्रेकवाल्याने त्याच गुळगुळीत टायरवरून हात फिरवला होता. तेव्हा तो गप्प का बसला, हे त्याने मला तोंडावर सांगावे.