उस्तादांची खडीची बाग

एका गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली आणि त्याच दिवशी उस्तादांनी आपल्या सलूनचं शटर कायमचं खाली ओढलं. जखम नखाएवढीच होती. गिऱ्हाईक जुनं, "होतं हो असं कधीतरी," म्हणून ते हसलंसुद्धा. पण उजव्या हाताची थरथर उस्ताद बरेच महिने लपवत होते आणि आता ती लपणारी राहिली नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. थरथर आटोक्यात राहील म्हणाले, जाईल असं काही म्हणाले नाहीत.

सगळा जन्म लोकांच्या डोक्यामागे उभं राहून काढलेला माणूस घरात बसला आणि घराला जड झाला. बायको दवाखान्याच्या लाँड्रीत कामाला. ती सकाळी बाहेर पडली की उस्ताद स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या अंगणातली हिरवळ बघत बसत. हिरवळ म्हणायची ती आपली सवयीने. नळाला पाणी दिवसाआड येऊ लागल्यापासून ती पिवळी पडली होती आणि मधेमधे चक्क टक्कल पडलं होतं. टक्कल तर उस्तादांना बघवत नसे.

सलूनमधून घरी आणलेल्या जुन्या मासिकांत त्यांना एका जपानी बागेचा फोटो सापडला. पांढरी खडी, तिच्यावर दंताळ्याने ओढलेल्या लांबच लांब रेघा, मधे दोन-तीन काळे दगड. पाण्याचा थेंब नाही, तरी बघणाऱ्याला तळं वाटावं. उस्तादांचा चहा निवून गेला. अख्खं अंगण कोणीतरी विंचरून ठेवलं होतं!

दुसऱ्या दिवशी बायको कामावर जाताच त्यांनी कुदळ काढली. संध्याकाळी ती परतली तेव्हा निम्मी हिरवळ मुळांसकट उपटून कुंपणाशी ढीग लागला होता.

"हे काय केलंत?"

"बाग करतोय. जपानी. पाणी लागत नाही तिला."

"मला विचारलंत?"

उस्ताद कुदळीला चिकटलेली माती खरवडू लागले. विचारलं नव्हतंच.

"दिवसभर ओल्या चादरींच्या ढिगात उभी असते मी," ती म्हणाली. "घरी आले की चप्पल काढून जरा त्या गवतात पाय टेकते. पिवळं का असेना, माझं होतं ते."

ती आत गेली. त्यानंतर घरात बोलणं चालू राहिलं ते फक्त गॅस, दूध आणि गोळ्या यांच्यापुरतं. उस्तादांना ते लागलं. पण अर्धं उकरलेलं अंगण तसंच टाकून बसणं त्यांच्याच्याने होईना. उरलेलंही त्यांनी खोदत नेलं. मागच्या दाराच्या पायरीजवळ आले तेव्हा मात्र कुदळ थांबली. तेवढं गवत त्यांनी राहू दिलं.

बायकोचा धाकटा भाऊ ट्रकवर ड्रायव्हर होता. त्याने खडी आणि तीन दगड आणून टाकले.

"दाजी, अंगणातून रस्ता काढताय की काय?"

"तू पहार धर आणि तोंड बंद ठेव."

दोघांनी पहारीने रेटत, घामाघूम होत दगड जागेवर बसवले. मग उस्तादांनी मोठ्या हौसेने लोखंडी दंताळं फिरवलं. रेघ उठली आणि तिथल्या तिथे ढासळली. खडी गोलगोल, घरंगळणारी. तिच्यात काही टिकेना. थोड्याच दिवसांत खालून गवताचे कोंब वर आले. बाग पसंत केली ती फक्त शेजारपाजारच्या मांजरांनी आणि त्यांनी ती कशासाठी पसंत केली हे वासावरून कळत होतं.

"सोडा हो दाजी," मेहुणा म्हणाला. "फरशी घालू आणि मोकळे होऊ."

"मी हातात घेतलेलं डोकं कधी अर्धवट सोडलंय का रे?"

उस्तादांनी सगळी खडी फावड्याने पुन्हा बाहेर काढली. पाठ धरली, तळहाताला फोड आले. खडीच्या दुकानातून ते निरनिराळ्या नमुन्यांच्या पिशव्या घेऊन आले, एकेक मूठ ताटात पसरली आणि तिच्यावरून रुंद दातांचा कंगवा फिरवला. फोडलेल्या दगडाची बारीक, टोकेरी कच होती, तिच्यात रेघ ताठ उभी राहिली. ठरलं. आधी जमिनीवर जाड कापड अंथरलं, पाणी झिरपेल पण गवत वर येणार नाही असं, आणि त्यावर ती कच.

आता अडचण उरली हाताची. हलकं दंताळं थरथरीबरोबर नाचायचं. जड पहार धरली की मात्र हात बराच शांत राहतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. म्हणून जुन्या दाराच्या चौकटीचं जाडजूड लाकूड घेऊन ते स्वतःच दंताळं करायला बसले. फळीला दात पाडायचे होते, पण करवत सरळ चालेना. फळी सारखी निसटत होती.

बायको दारात उभी राहून बघत होती. ती खाली आली आणि तिने फळी दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली.

"बोटं कापून घ्याल एखाद दिवशी."

"पायरीजवळचं गवत ठेवलंय मी," उस्ताद मान वर न करता म्हणाले. "भाजी धुतलेलं पाणी पुरेल त्याला. आधी विचारायला हवं होतं गं मी."

"हवंच होतं." तिने पायरीकडे मान वळवली. "किती ठेवलंय?"

"दोन पाय मावतील एवढं."

"चार मावू देत. आणि नीट धरा ती करवत."

जड दंताळ्याने पहिली रेघ कुंपणापासून दगडापर्यंत आली. वाकडी होती. उस्तादांनी ती पुसली, पुन्हा ओढली, पुन्हा पुसली. ऊन डोक्यावर येईस्तोवर हेच चाललं. तिसऱ्या दगडाभोवतीचं वळण काही केल्या जमेना आणि तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी जमलं. जवळून बघितलं तर रेघांत किंचित कंप दिसतो. उस्ताद तो कोणापासून लपवत नाहीत.

थरथर गेली नाही. गोळ्या वाढल्या. सलूनची जागा दुसऱ्याने घेतली, तिथे आता चष्म्याचं दुकान आहे. पण घरात उस्ताद कोणाला जड होत नाहीत. सकाळी ते सापडतच नाहीत, अंगणात असतात.

पानगळ सुरू झाली तशी कुंपणापलीकडच्या झाडाची पानं रोज खडीवर पडू लागली. उस्ताद ती एकेक करून हाताने उचलत आणि विस्कटलेल्या रेघा पुन्हा ओढत. शेजाऱ्याला ओशाळल्यासारखं झालं. कुंपणावरून वाकून तो म्हणाला, "तुमच्या बाजूची फांदी तोडून टाकतो हो. रोजचा त्रास तुम्हाला."

"अजिबात हात लावू नका," उस्ताद म्हणाले आणि पुढच्या पानासाठी वाकले.