एक ताई, पाच लॉगिन

आमच्या ताईची बीएडची सीट मी एका दुपारी जवळपास घालवली होती, तेही मदत करून.

पसंतीची कॉलेजं भरायचा शेवटचा दिवस. पाच वाजता साईट बंद! ताईले अकोल्याचंच कॉलेज पाहिजे होतं. आमी अमरावतीले घरी, ताई लॅपटॉपवर, अन् स्क्रीनवरचं चाक नुसतं गरगर फिरून रायलं.

"सर्व्हर म्हणजे पंगतीतला वाढपी," मी सांगतलं. (मी कम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाले. गप्प कसा बसन?) "आपला लॅपटॉप मागते, तो आणून देते. आज मागणारे लाख! मंग आपण पाच जागेहून हाका मारू. ज्याचं उघडलं त्यानं भरायचं!"

लगेच ताईचा पासवर्ड फॅमिली ग्रुपवर टाकला. आई, बाबा, अकोल्याचा मामा, सगळे भिडले!

"घुसली रे घुसली!" ताई ओरडली. दोन कॉलेजं भरली न भरली त साईटनं तिले बाहेर फेकलं.

तिकडून फोनवर मामा, "अबे, मी आत पोचलो!" पाच सेकंदानं, "अबे, मले हाकललं!"

मंग आईचं उघडलं. आईलेही हाकललं!

"लोड हाये सर्व्हरवर," मी ज्ञान पाजळलं. "सोडू नका!"

चार पन्नास. ताई रडकुंडीले आली. "तीनदा भरलं, तीनदा उडालं. माह्यं वर्ष जाईन रे!"

आईनं चष्मा नाकावर सरकवला. "काहून रे, इथं लिहिलं हाये, 'तुमच्या खात्यात दुसऱ्या ठिकाणाहून लॉगिन झालं आहे.' हे दुसरं ठिकाण कोणतं?"

मी आईचा मोबाईल घेऊन वाचलं.

दुसरं ठिकाण म्हणजे आमीच! सर्व्हर एका नावाले एकच पाट देत होता. नवा आला की जुना उठला. आमीच एकमेकाईले उठवून रायलो होतो!

"बंद करा सगळे!" बाबा गरजले. मोबाईल बंद. मामाचाही बंद. चार चोपन्न. ताई आत. एक कॉलेज, दोन, तीन... अन् धाडकन बाहेर!

"आता कोण हाये?" ताई किंचाळली.

सगळ्याईनं माह्याकडं पायलं. आतल्या खोलीत माह्या कम्प्युटरवर मी एक प्रोग्राम लावून ठेवला होता. दर मिनिटाले आपोआप लॉगिन! (कोडिंग येते नं आपल्याले!)

बाबा आत गेले अन् माह्या कम्प्युटरची वायरच भिंतीतून उपटली. ताईनं पुन्हा भरलं, अन् चार अठ्ठावन्नले फॉर्म गेला!

ताईले अकोला लागलं. आता घरात काही ऑनलाईन भरायचं असलं की आई भरते, अन् बाबा मले आधी दूध आणाले पाठवतात. फ्रिजमध्ये तीन पिशव्या असल्या तरी!